मूळ गाव कुठलं?

कॉलेजात नवीन कुणी भेटलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. नाव काय? आणि मूळचा कुठला? आत्ता राहतोस कुठे, हा प्रश्न तिसरा. म्हणजे ज्या घरात आपण रोज झोपतो, ज्या स्टेशनवर रोज लोकल पकडतो, त्यापेक्षा ज्या गावाला आपण वर्षातून एकदा, जत्रेला जातो, ते गाव आपल्याबद्दल जास्त काही सांगतं, असं आपण धरून चाललोय. आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. आडनाव कळलं, गाव कळलं की जात कुठली याचा अंदाज लोक मनातल्या मनात बांधून मोकळे होतात. तोंडाने विचारलं नाही, एवढंच.

पण कधीकधी हाच ‘मूळ गाव’वाला प्रश्न एकदम बातमी होतो. टीव्हीवर येतो. अख्खं गाव फटाके वाजवतं.

२०१७ चा जून आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. आयर्लंड नावाच्या देशात लिओ वराडकर नावाचा ३८ वर्षांचा डॉक्टर पंतप्रधान झाला. तोवरचा त्या देशातला सगळ्यात तरुण पंतप्रधान. बातमी आली आणि आपल्याकडे सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर खिळली. आडनाव! वराडकर. म्हणजे वराडचा. वराड हे सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातलं गाव. लिओचे वडील अशोक वराडकर मूळचे तिथले. मुंबईत डॉक्टर झाले, साठच्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे मिरियम नावाच्या आयरिश नर्सशी लग्न केलं आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाले. लिओचा जन्म १९७९ चा, डब्लिनचाच. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस तो कुटुंबासह वराडला येऊन गेला, तेव्हा गावाने त्याचं जंगी स्वागत केलं. पुढे २०२२ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत तो पुन्हा एकदा पंतप्रधान होता.

गंमत इथेच संपत नाही. लिओ पहिल्यांदा पंतप्रधान झाला तेव्हा युरोपात आणखी एका देशाचा पंतप्रधान कोकणपट्टीतल्या कुळातला होता. पोर्तुगालचे अंतोनिओ कोस्टा. त्यांचे वडील ओर्लांदो द कोस्टा हे लेखक. गोव्यातल्या मडगावच्या घराण्यातले, लहानपण मडगावातच गेलेलं. कोस्टांचं घरातलं लाडाचं नाव ‘बाबुश’, म्हणजे कोकणीत लहान पोर. २०१५ ते २०२४ ते पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि २०२४ च्या डिसेंबरपासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष झाले. २०१७ च्या जानेवारीत ते भारतात आले तेव्हा बंगळुरूच्या प्रवासी भारतीय संमेलनात त्यांना ओसीआय कार्ड दिलं गेलं आणि मग ते मडगावच्या आपल्या घरीही जाऊन आले.

म्हणजे बघा, मालवण आणि मडगाव. एकाच समुद्राला लागून असलेली, एकसारखंच मासे-भात खाणारी दोन ठिकाणं. आणि काही वर्षं युरोपियन युनियनच्या बैठकीत तिथल्या कुळातले दोन जण दोन देशांचे प्रमुख म्हणून एकाच टेबलावर बसत होते. छाती फुगणारच. आपलीही फुगली. त्यात वाईट काहीच नाही.

पण छाती फुगवून झाली असेल तर जरा शांतपणे बसून दोनचार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

सगळं जग हेच करतं

आधी एक गोष्ट मान्य करू. हा फक्त आपला खेळ नाही. इटलीच्या आब्रुझो प्रांतात पाचेंत्रो नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. पॉपस्टार मॅडोनाचे आजी-आजोबा तिथले. दक्षिणेकडे बाझिलिकाता प्रांतात बेर्नाल्दा नावाचं गाव आहे. ‘गॉडफादर’चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला याचे आजोबा तिथले, त्याने तिथला एक जुना वाडा घेऊन २०१२ मध्ये हॉटेल सुरू केलं. इटलीतल्या जवळपास प्रत्येक प्रांताकडे ‘आमच्याकडचे जगप्रसिद्ध लोक’ अशी यादी आहे. आणि त्या यादीतले बरेचसे लोक त्या प्रांतात जन्मलेलेच नाहीत!

आयर्लंडने तर कमाल केली. बराक ओबामांच्या आईकडचा खापरपणजोबाच्याही आधीचा एक पूर्वज १८५० च्या सुमाराला मनीगॉल नावाच्या गावातून अमेरिकेला गेला होता. २०११ मध्ये ओबामा त्या गावी जाऊन आले. पुढे तिथल्या हायवेवर पेट्रोलपंप आणि फूड कोर्ट झालं, त्याचं नाव ‘बराक ओबामा प्लाझा’. आपल्या एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला कुणी असं नाव दिलं तर कसं वाटेल, विचार करा. म्हणजे जो देश ओबामांना आपलं म्हणतो, त्याच देशाच्या पंतप्रधानाला मालवण तालुका आपला म्हणत होता. सगळे एकमेकांचे पाहुणेच निघाले की!

मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न असा की, या याद्या नेहमी शेवटाकडून लिहिल्या जातात. माणूस मोठा झाला की गाव त्याला शोधत येतं. तो निघाला तेव्हा काय झालं होतं, ते यादीत नसतं.

दक्षिण इटलीतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला लाखो माणसं अमेरिकेला गेली. हौस म्हणून नाही. जमीन जमीनदाराची, पोटाला पुरेसं नाही, म्हणून. तिकडे त्यांचं स्वागत झालं का? १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने ११ इटालियन माणसांना ठार मारलं होतं. ‘हे घाण लोक, गुन्हेगार लोक, आमच्या नोकऱ्या खाणारे लोक’ ही भाषा तेव्हा त्यांच्याबद्दल वापरली जायची. ओळखीची वाटते ना भाषा? आज त्याच लोकांची नातवंडं-पतवंडं दोन्ही देशांना आपली वाटतात. मधल्या दोन पिढ्यांनी काय सोसलं, ते मात्र कुठल्याच यादीत येत नाही.

गाव नाव देतं, मान देतंच असं नाही

आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला तर डोळ्यांसमोर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. त्यांचा जन्म १८९१ चा, मध्य प्रदेशातल्या महूचा. वडील लष्करात होते. शाळेच्या दप्तरात गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. जगभरात गाजलेल्या त्या आडनावात कोकणातलं एक गाव आहे. पण त्या काळातल्या गावगाड्याने त्या कुटुंबाला दिलं काय? गावाबाहेरची वस्ती आणि अस्पृश्यता. म्हणूनच बाबासाहेबांनी खेड्याबद्दल कधी गोडगोड बोलले नाहीत. गांधीजींच्या मनातलं खेडं आणि बाबासाहेबांनी भोगलेलं खेडं, यात जमीनअस्मानाचं अंतर होतं. आता आंबडव्याचा अभिमान बाळगायचा असेल तर हा भाग गाळून कसा चालेल?

दुसरा दाखला गाण्यातला. गोव्यातल्या गायिकांची नावं घ्या. केसरबाई केरकर, केरीच्या. मोगुबाई कुर्डीकर, कुर्डीच्या. मोगुबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. मंगेशकर, मंगेशीचे. नावातच गाव. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याच्या तबकडीवरून अंतराळात गेली. आज ते यान सगळ्या ग्रहांच्याही पार पलीकडे आहे. केरी गावाचं नाव इतक्या लांब दुसरं कुणी नेलं नसेल. पण ज्या कलावंत घरांमधून यातल्या बऱ्याच बायका आल्या, त्या घरांकडे त्यांच्या लहानपणी समाज कसा बघत होता? गाणं ऐकायला हवं, पण गाणारीला पंक्तीत मान नको. म्हणून तर त्यांना तालीम मिळवायला आणि ताठ मानेने जगायला गाव सोडून मुंबईसारख्या शहरांत यावं लागलं. नाव मात्र त्यांनी गावाचं लावलं. गावाने त्यांना जे दिलं नाही, ते त्यांनी गावाला दिलं.

आणि कुर्डी? ते गाव साळावली धरणात बुडालं. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनी जोती, देवळाची जागा वर येते आणि इकडेतिकडे पांगलेले गावकरी थोडे दिवस तिथे जमतात. पुन्हा पाऊस, पुन्हा पाणी. मावळातल्या पोरांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. पवना धरणाच्या पाण्याखाली आपल्याकडचीही गावं गेली आहेत. त्या घरांमधल्या माणसांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला. पवनेच्या काठावर आज वीकेंडला तंबू लागतात, बार्बेक्यू होतं, इन्स्टाला रील पडतं. तंबू जिथे लागतो, तिथून थोड्या अंतरावर पाण्याखाली कुणाचं तरी ‘मूळ गाव’ आहे. त्यातलं कुणी उद्या मोठं झालं तर सत्काराचा मांडव कुठे घालायचा?

लिओ आपल्या गावात जन्मला असता तर?

जरा टोचणारा प्रश्न विचारू. लिओ वराडकर डब्लिनला न जन्मता इथेच कुठेतरी जन्मला असता तर?

२०१५ मध्ये, मंत्री असताना, त्याने रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलैंगिक आहोत हे उघडपणे सांगितलं. त्याच वर्षी आयर्लंडने जनमत घेऊन समलैंगिक विवाहाला मान्यता दिली. दोन वर्षांनी तो पंतप्रधान झाला. आपण त्याच्या आडनावाचा अभिमान बाळगतो तेव्हा हा भाग हळूच बाजूला ठेवतो. पण आपल्या वर्गात, आपल्या वाडीत असा एखादा मुलगा असेल, तर त्याला आपण काय म्हणून हाक मारतो? कॅन्टीनमध्ये त्याच्या चालण्याची नक्कल कोण करतं? डब्लिनच्या लिओला हार आणि गावातल्या मुलाला टोमणे, हा हिशेब जुळत नाही.

दुसरं. लिओचे वडील आयर्लंडमध्ये परके होते. रंग वेगळा, धर्म वेगळा, नाव उच्चारायला अवघड. त्या परक्या माणसाच्या पोराला तिथल्या लोकांनी आपला नेता मानलं. आपण टाळ्या वाजवल्या. अगदी योग्य. मग आता कामशेतच्या स्टेशनाबाहेर या.

तिथे मराठवाड्यातून आलेलं कुटुंब दिसेल. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडमधून आलेली बांधकामावरची माणसं दिसतील. चायनीजच्या गाडीवर नेपाळी पोरगा दिसेल. तळेगाव एमआयडीसीतल्या शिफ्टसाठी खोली करून राहणारे, चौघांत एक खोली वाटून घेणारे तरुण दिसतील. त्यांची मुलं आपल्याच शाळांत शिकतात, तुमच्यासारखंच मराठी बोलतात. कधीकधी तुमच्यापेक्षा जास्त अस्सल मावळी बोलतात. त्यातल्या एखाद्या मुलीने उद्या सरपंचपदाची निवडणूक लढवायची ठरवली तर? ‘ही मूळची इथली नाही’ हे वाक्य किती मिनिटांत येईल?

आणि हे दुसऱ्यांकडूनही आपल्या वाट्याला येतं, हे विसरू नका. रजनीकांतचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. जन्म १९५० चा, बंगळुरूचा. कुळाचं मूळ आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार. बंगळुरूत बस कंडक्टर होता. तमिळनाडूने त्याला देव मानलं. पण राजकारणात यायचं म्हटल्यावर तिथेही काही जणांनी हाच प्रश्न काढला, हा मूळचा तमिळ कुठे आहे? तेव्हा आपल्याला तो प्रश्न अन्यायाचा वाटला. बरोबरच वाटलं. मग इथे तोच प्रश्न आपण विचारतो तेव्हा तो न्यायाचा कसा होतो?

मावळचं मूळ खणून बघा

‘पण मावळ म्हणजे मावळ्यांचं, इथल्या मातीतल्या माणसांचं’ असं कुणी म्हणेल. म्हणा. मातीचंच बोलू.

कामशेतहून बेडसे लेणी जवळ आहेत. आपण तिथे कशाला जातो? पाऊस, धबधबा, फोटो. पुढच्या वेळी भिंतीवरची ब्राह्मी अक्षरंही बघा. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दान देणाऱ्याने आपलं नाव लिहून ठेवलंय. पुष्यणक, आनंद श्रेष्ठीचा मुलगा. आणि गाव? नाशिक. कार्ल्याला जा. तिथलं भव्य चैत्यगृह पूर्ण करवणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा. अख्ख्या जंबुद्वीपात हे उत्तम आहे, असं त्याने अभिमानाने कोरून ठेवलंय. तिथल्या काही खांबांवर दाते म्हणून धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्याच लेण्यात सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे, त्याने केलेल्या कामाबद्दल. मावळची सगळ्यात जुनी शान कुणी उभी केली? बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनी, परक्या यवनांनी आणि हाताने काम करणाऱ्या कारागिरांनी, इथल्या डोंगरात, इथल्या माणसांबरोबर.

बरं, तेही जुनं झालं. रोजच्या जेवणातलं बोलू. मावळचा इंद्रायणी तांदूळ. पाहुण्यांना आपण पिशवी भरून देतो, ‘आमच्याकडचा आहे’ म्हणून. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. त्याचे आई-बाप कोण? एक आपला आंबेमोहर १५७. आणि दुसरा आयआर ८, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा. त्या आयआर ८ चे आई-बाप बघायला गेलात तर एक इंडोनेशियाचा आणि एक तैवानचा निघतो! आंबेमोहराचा वास इथला, ठेंगणा ताठा आणि भरघोस उतारा बाहेरचा. म्हणून आज तो मावळचा नाही असं कोण म्हणेल? ज्या खाचरात तो वाढला, ज्या माणसांनी चिखलात उभं राहून त्याची लावणी केली, त्या खाचराचा तो झाला. माणसाला हाच नियम लावायला आपण का कचरतो?

रेल्वेही तशीच. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी १८५८ मध्ये सुरू झाली आणि बोरघाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. त्या घाटाच्या कामावर लांबलांबून आलेले हजारो मजूर होते आणि त्यातले कितीतरी तापाने, पटकीने तिथेच मेले. तुम्ही ज्या लाइनवरून रोज कॉलेजला जाता, ती कुणाच्या तरी मूळ गावी परत न गेलेल्या माणसांनी बांधली आहे.

ज्यांचं मूळ कागदावरच नाही

आता उलट बाजू. बाहेरच्याला ‘मूळचा नाही’ म्हणणारे आपण, जे मूळचे आहेत त्यांना तरी मोजतो का?

मावळातल्या कातकरी वस्त्यांकडे बघा. या डोंगराची, या रानाची, नदीतल्या माशांची त्यांच्याइतकी ओळख दुसऱ्या कुणाला नाही. मूळचे कोण, हा प्रश्न खरोखर प्रामाणिकपणे विचारला तर त्यांचा नंबर पहिला लागेल. पण ज्या जमिनीवर झोपडी आहे, ती बहुतेक ठिकाणी त्यांच्या नावावर नाही. वर्षातले काही महिने अख्खं कुटुंब वीटभट्टीवर, पोरांची शाळा मध्येच तुटलेली. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा मागितला की कागदच नसतो. इतक्या पिढ्या इथे काढलेल्या माणसाने ‘मी इथला’ हे सिद्ध करायचं आणि काल बंगला बांधलेल्याच्या नावाचा सातबारा तयार!

दुसऱ्या आहेत मुली. हो, तुमच्याच वर्गातल्या. ‘मूळ गाव’ हा सगळा हिशेब बापाकडून बापाकडे जातो. लिओला आपण वराडचा म्हणतो, पण त्याची आई आयरिश शेतकरी कुटुंबातली आहे, म्हणजे तो तितकाच तिच्या गावचाही आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. मुलगी लग्न करून गेली की तिचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, वंशावळीच्या कागदावर तिच्यापुढची रेघ थांबते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभरात तो २००५ मध्ये आला. कायदा आहे. पण मावळात जमिनीला भाव आला आणि त्याबरोबर एक कागदही घरोघरी आला, हक्कसोडपत्र. ‘भावाशी नातं तोडायचंय का?’ असं विचारून त्यावर बहिणीची सही घेतली जाते. मूळ गावाचा अभिमान तिने बाळगायचा, पण त्या गावातला गुंठाभर तुकडा तिचा नाही. हे कसलं मूळ?

आणि तिसरे आपण सगळेच. पुणे-मुंबईच्या मधोमध असल्यामुळे मावळातली जमीन सोन्याच्या भावाने गेली. ‘गुंठामंत्री’ हा शब्द आपल्याच भागाने मराठीला दिला म्हणायला हरकत नाही. गाडी आली, बंगला आला, लग्नात ड्रोन आला. मग पैसे संपले आणि काही घरांत तोच मुलगा, स्वतःच्या विकलेल्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीची टोपी घालून उभा राहिला. जमीन आणि पाणी हा इथे किती जिवाचा विषय आहे, ते ९ ऑगस्ट २०११ ला सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यात एक बाई होती. कामशेतच्या इतक्या जवळ घडलेली ही गोष्ट आजच्या फर्स्ट इयरच्या कितीजणांना माहीत आहे? ‘आमच्या मातीतले प्रसिद्ध लोक’ अशी यादी करायची तर त्यात या तिघांचं नाव कुणी घालेल का?

मग करायचं काय?

मूळ गाव विसरा, असं आम्ही म्हणत नाही. उलट म्हणतोय, नीट आठवा. अर्धवट नको.

यंदाच्या सुट्टीत एक काम करा. आजी-आजोबांसमोर मोबाइल ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, आपण इथे कुठून आलो? का आलो? कुणी बोलावलं, कुणी हाकललं? नुसतं आजोबांना नको, आजीलाही विचारा. आणि आईच्या माहेरचंही विचारा. बहुतेक घरांत तीन-चार पिढ्यांमागे एक स्थलांतर सापडेलच. दुष्काळात आलेलं, धरणामुळे उठलेलं, कर्जापायी सुटलेलं, जातीचा जाच नको म्हणून निघालेलं, नाहीतर गिरणीत नोकरी लागली म्हणून गेलेलं. एकदा आपल्या घराची ही गोष्ट कळली ना, की स्टेशनबाहेर पिशव्या घेऊन उतरलेल्या कुटुंबाकडे बघायची नजर आपोआप बदलते.

दुसरं, शेजारच्या बाकावरच्या, परराज्यातून आलेल्या मित्रालाही हेच विचारा. ‘तू कुठला?’ हा प्रश्न त्याची जागा दाखवण्यासाठी विचारता येतो आणि त्याची गोष्ट ऐकण्यासाठीही विचारता येतो. शब्द तेच, सूर वेगळा. समोरच्याला तो सूर लगेच कळतो.

तिसरं, एनएसएसचा कॅम्प लागतोच दरवर्षी. झाडं लावा, रस्ता झाडा, सगळं करा. पण एखादा दिवस कातकरी वाडीवर दाखल्यांच्या, आधारच्या, शाळेच्या नावनोंदणीच्या कामाला द्या. अर्ज भरता येणारा, तहसील कचेरीत न घाबरता बोलू शकणारा एक कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी बरोबर असली तर अडलेली कामं कशी पुढे सरकतात, ते करून बघा.

आणि चौथं, मुलींसाठी. घरात हक्कसोडपत्राचा कागद आला तर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. समजला नाही तर वकिलाला दाखवा. भावांनो, तुम्हीही वाचा. नातं सहीवर टिकत नसतं.

वराडला त्या दिवशी झालेला आनंद खोटा नव्हता. आपल्या नावाचा माणूस लांबच्या देशात मोठा झाला, याचं कौतुक वाटणं माणसाला शोभतं. फक्त लक्षात असू द्या की लिओ वराडकरला वराडने पंतप्रधान केलं नाही. केलं ते एका परक्या देशाने, त्याच्या बापाचं मूळ गाव कुठलं याला फार किंमत न देता. त्या कौतुकात आपल्यासाठी शिकण्यासारखं काही असेल तर ते एवढंच आहे.

आज कामशेतच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत, पत्र्याखाली, दुसऱ्याच कुठल्यातरी राज्यातलं आडनाव लावणारी एक मुलगी बारावीचा अभ्यास करत असेल. तिचं मूळ गाव हजार किलोमीटर लांब असेल. वीस-पंचवीस वर्षांनी ती मोठी झाली आणि कुणी तिला विचारलं, तू कुठली? तर तिने न अडखळता ‘कामशेतची’ असं म्हणावं, असं आपण तिच्याशी वागतोय का?